सिद्राममामांचा डावा गाल

"चावा मामा, थांबू नका," डॉक्टर नेसरीकर म्हणाल्या. "अजून एक फोड घ्या."

सिद्राममामांनी लिंबाच्या लोणच्याची दुसरी फोड तोंडात टाकली आणि डोळे घट्ट मिटून घेतले. मी त्यांच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर स्टूल ओढून बसलो होतो आणि माझ्या कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत होतो. हा कॅमेरा उजेडाचा फोटो काढत नाही, उष्णतेचा काढतो. गरम असेल ते पिवळं, फार गरम ते पांढरं, थंड ते निळं-जांभळं. पडद्यावर मामांचा गाल केशरी दिसत होता, नाकाचा शेंडा निळा, आणि कानाखाली काहीतरी हलत होतं. काय ते मला कळेना.

"काय दिसतंय?" मॅडमनी विचारलं.

"बघतोय," मी म्हणालो. काही समजत नसलं की आमच्या धंद्यातला माणूस 'बघतोय' म्हणतो.

खरं तर मी तिथे असायचं काही कारणच नव्हतं. मी चिदानंद बिरनाळे, मिरज-कुपवाड भागातल्या कारखान्यांची विजेची पॅनेलं तपासणारा माणूस. कुठे जोड सैल झालाय, कुठे तार तापतेय, हे आग लागायच्या आधी कॅमेऱ्यात पकडायचं, पिवळ्या डागाभोवती गोल काढायचा, शेजारी 'दोष' असं लिहायचं आणि अहवाल द्यायचा, एवढं माझं काम. महिन्यापूर्वी मॅडमच्या लहानशा दवाखान्याचं पॅनेल तपासत होतो, तेव्हा त्या माझ्या मागे उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "हे माणसाच्या चेहऱ्यावर चालेल का हो?" मी म्हणालो, "न चालायला काय झालं? तापमान ते तापमान." तेव्हापासून त्या भेटेल त्याला माझी ओळख 'आमचे तज्ज्ञ' अशी करून देऊ लागल्या, आणि मीही बिनदिक्कत हरभऱ्याच्या झाडावर चढून बसलो. आमच्या घरात तोवर कुणी तज्ज्ञ झालेलं नव्हतं.

सिद्राम कोरवी सनई वाजवायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या कानापुढची एक गाठ मॅडमनीच काढली होती. गाठ साधी निघाली, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, आणि वर्षभरानं हे नवीन सुरू झालं. तोंडात घास गेला की डाव्या गालावरून घामाच्या धारा. उजवा गाल मात्र कोरडा ठणठणीत. मॅडमनी मला ते माझ्या भाषेत समजावून सांगितलं होतं. लाळेच्या ग्रंथीला जाणारी तार ऑपरेशनमध्ये तुटली, आणि परत वाढताना ती चुकून घामाच्या ग्रंथींना जाऊन जोडली गेली. आता मेंदू म्हणतो लाळ सोड, आणि गालाला घाम सुटतो. चुकीची जोडणी! हे ऐकल्यावर तर हा रोग आपल्याच खात्यातला आहे असं मला वाटायला लागलं.

जेवताना घाम आला तर एक वेळ चालून जाईल. पण सनईची पत्तीही तोंडातच धरायची असते. पत्ती ओठांत गेली, लाळ सुटली, की घाम सुरू. तो जबड्यावरून ओठाच्या कोपऱ्यात शिरायचा, ओठांची पकड निसटायची आणि सूर फाटायचा. कृष्णाकाठच्या त्यांच्या गावात मरगूबाईचं देऊळ आहे. घटस्थापनेच्या पहाटे देवीला जागं करायचं ते सनईनं, आणि तो मान कोरव्यांच्या थोरल्या घराचा, म्हणजे मामांचा. ज्या घराची सनई त्या पहाटे वाजली नाही, त्या घराचा मान भाऊबंदांतल्या दुसऱ्या घराकडे जातो आणि पुन्हा परत येत नाही, असा तिथला रिवाज. आदल्या वर्षी मामांचा सूर मध्येच फाटला होता. गावानं सांभाळून घेतलं. यंदा घेणार नाही, असंही बजावलं होतं. मामांचा चुलतभाऊ यल्लाप्पा तर श्रावणापासूनच नदीकाठी बसून पहाटेचा रियाज करत होता.

उपाय होता. सुरकुत्या घालवायला बायका जे इंजेक्शन घेतात तेच, घाम येतो तेवढ्याच भागात थोडं थोडं टोचायचं, म्हणजे घाम थांबतो. पण ते तोंडाच्या बाजूला सरकलं तर गालाचे आणि ओठाचे स्नायू लुळे पडतात, चांगले चार महिने. म्हणून आधी घामाची हद्द नेमकी आखून घ्यायला हवी. नेहमी त्यासाठी गालाला आयोडीन लावून वर बारीक पिठी भुरभुरतात, आणि जिथे घाम येईल तिथे ती काळी पडते. मामांच्या गालाला आयोडीन लावलं तर भाजल्यासारखे फोड उठले. म्हणून मी आणि माझा कॅमेरा. पितृपंधरवडा नुकताच सुरू झाला होता. लग्नं नाहीत, मुंजी नाहीत, वाजवणाऱ्यांना सुट्टी. घट बसायला चौदा दिवस होते, आणि औषध लागू पडायला आठ-दहा दिवस पुरेसे होते. मॅडमनी दिवस विचार करूनच निवडला होता.

"सायेब, घाम हितनं सुटतोय बगा," मामा तोंडातली फोड सावरत म्हणाले आणि त्यांनी कानाच्या पाळीखाली बोट नेलं.

"मामा, हात मध्ये आणू नका," मी म्हणालो.

तेवढ्यात नर्स धावत आली. वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी नाकातून रक्त थांबत नव्हतं. "पाच मिनिटांत आले, बिरनाळे. तुमचं चालू द्या," असं म्हणून मॅडम गेल्या. खोलीत आम्ही दोघेच उरलो.

आणि पडद्यावर भलतंच सुरू झालं. कानाखाली निळसर डाग पडला, तो पसरायला लागला, त्यातून निळे ओघळ निघून जबड्यावरून हनुवटीकडे निघाले. माझा गोंधळ उडाला. मला तिथे माणसाचा गाल दिसतच नव्हता, कारखान्यातली पाणी पडलेली मोटार दिसत होती. आमच्या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात, की मोटारीच्या अंगावर पाणी किंवा तेल असलं तर आधी फडक्यानं पुसून घ्यायचं, नाहीतर कॅमेरा फसतो.

"मामा, जरा पुसून घ्या," मी म्हणालो.

त्यांनी डोळे उघडले. "पुसू?"

"पुसा की. चित्र स्वच्छ येत नाही."

त्यांना तेच हवं होतं. दोन वर्षं लोकांसमोर गाल लपवून त्यांचा हात आपोआपच खांद्यावरच्या टॉवेलाकडे जायचा. टॉवेल ओढून त्यांनी गाल खसाखसा पुसला, कानापासून तोंडापर्यंत, अगदी लग्नात फोटोला उभं राहायच्या आधी पुसतात तसा. मी बटण दाबलं. घाम परत आला. मी म्हणालो, "पुसा." असं चार वेळा झालं. चौथ्या चित्रात गालाच्या मधोमध, ओठाच्या कोपऱ्याकडे झुकलेला असा झकास पिवळा डाग आला. डाग म्हणजे दोष. निदान हे तरी मला कळत होतं. इतका वेळ चाचपडून अखेर ओळखीचं काहीतरी दिसलं म्हणून मला कोण आनंद झाला.

मॅडम परत आल्या तेव्हा मी चित्र तयार ठेवलं होतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते जवळून पाहिलं.

"हे जरा पुढे नाही वाटत?"

"चित्रात तर असंच आहे, मॅडम."

"हो, पण..." त्या थांबल्या. "घाम आलेली जागा गार पडायला हवी ना? म्हणजे ती निळी दिसायला हवी."

त्यांनी ते सहज विचारलं होतं. माझ्या डोक्यात क्षणभर काहीतरी खळबळलं, पण नेमकं हाताला लागेना. आणि समोर सिद्राममामा, दारात नर्स, आणि मी तज्ज्ञ. मी म्हणालो, "आधी गरम होतं, म्हणूनच तर घाम येतो ना मॅडम?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग चित्राकडे पाहिलं. "हं," त्या म्हणाल्या. "तेही खरंच म्हणा."

"मॅडम, मला आपलं वाटतंय," मामा चाचरत म्हणाले, "जरा मागं हाय त्ये. कानाच्या बुडाला."

"मामा, कॅमेरा खोटं बोलत नाही," मी म्हणालो. एवढा शहाणपणा मी त्याआधी कधी पाजळला नव्हता.

मॅडमनी शाईच्या पेनानं मी दाखवली तशी हद्द मामांच्या गालावर आखली. तासाभरानं त्या हद्दीत बारीक सुईनं औषध टोचलं. मामांनी हूं की चूं केलं नाही. निघताना त्यांनी दोघांना हात जोडले आणि विचारलं, "आता सूर फाटायचा न्हाई न्हवं?"

"आठ दिवसांत फरक कळेल," मॅडम म्हणाल्या.

मी घरी जाऊन बायकोला सगळं रंगवून सांगितलं. नवरात्रात देवीसमोर जी सनई वाजेल, त्यात थोडा वाटा आपलाही, असं म्हणालो. तिनं विचारलं, "घामाचा फोटो निघतो?" मी म्हणालो, "माझ्याकडे निघतो."

घटस्थापनेला तीन दिवस असताना मॅडमचा फोन आला. आवाज कोरडा होता. "कॅमेरा घेऊन या. लगेच."

मी पोचलो तेव्हा मामा त्याच खुर्चीत बसले होते. शेजारी त्यांची बायको गंगव्वा, मांडीवर सनईची पिशवी घेऊन. मामांनी मला बघून नमस्कार केला आणि हसले, तेव्हा मला दिसलं. उजवीकडचा ओठ वर गेला, डावीकडचा जागच्या जागी लोंबत राहिला. बोलताना त्या कोपऱ्यातून लाळ येत होती आणि गंगव्वा पदरानं ती टिपत होती.

"दाखवा मामा, मघाशी केलंत तसं," मॅडम म्हणाल्या.

मामांनी पत्ती ओठांत धरली आणि गाल फुगवले. डावा गाल फुगलाच नाही. फुस्स करून वारा बाहेर गेला. त्यांनी बोटानं ओठाचा कोपरा दाबून धरला आणि परत फुंकलं. फाटक्या सुराचा एक तुकडा आला आणि थांबला. तेवढ्यानंही त्यांच्या कानाखाली घाम चमकायला लागला. म्हणजे जे थांबायला हवं होतं ते चालूच होतं, आणि जे चालायला हवं होतं ते थांबलं होतं.

"कॅमेरा लावा," मॅडम म्हणाल्या. या वेळी त्या माझ्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या.

गंगव्वानं लोणच्याची फोड दिली. मामांनी ती उजव्या बाजूनं चावली. घाम आला तसा त्यांचा हात टॉवेलाकडे गेला.

"पुसू नका मामा," मॅडम म्हणाल्या. "अजिबात हात लावू नका."

मामांचा हात हवेत राहिला. पडद्यावर कानाच्या पाळीखाली एक निळा ठिपका उमटला. तो जांभळा झाला. लिंबाच्या फोडीएवढा होता तो बघता बघता तळहाताएवढा झाला, जबड्याच्या कोपऱ्याला वळसा घालून मानेकडे उतरला, आणि त्याची कड इतकी स्पष्ट होती की आंधळ्यानंही बोट ठेवावं. आम्ही ज्या जागी औषध टोचलं होतं ती जागा तिथून तीन बोटं पुढे, साधी केशरी, बाकीच्या गालासारखीच होती. पिवळा डाग कुठेच नव्हता.

"हा आहे घाम," मॅडम हळू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "बिरनाळे, त्या दिवशी हे का नाही दिसलं?"

आणि मला कळलं. त्या दिवशीही ते दिसलं होतं. घाम सुकताना कातडी गार पडते, आणि ते गारपणच मला पकडायचं होतं. ते निळं होऊन माझ्या डोळ्यांसमोर पसरत होतं, आणि मीच म्हणालो होतो, पुसा. ज्या गोष्टीचं चित्र काढायला मला बोलावलं होतं, तीच मी आधी पुसून घेत होतो. आणि तो पिवळा डाग? चार वेळा जाड टॉवेलानं खसाखसा घासल्यावर कुणाचाही गाल तापेल.

मी बोलायला तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

"माजंच चुकलं मॅडम," सिद्राममामा म्हणाले. "म्या सारका पुशीत हुतो. सवंच लागलीया. फोटू निगायच्या आत पुसायचो बगा."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. "अहो मामा..."

मी मामांकडे बघितलं. ते मला पाठीशी घालत होते का? तसं काही दिसेना. चेहरा अर्धा लुळा, त्यावरून मनातलं वाचायचं कसं? पण नजर सरळ होती. पुसायला मी सांगितलं हे ते विसरले होते, की सांगितलं काय आणि न सांगितलं काय, आपण पुसलंच असतं असं त्यांना वाटत होतं, मला काहीच समजेना. खोलीत त्या दिवशी आम्ही दोघेच होतो. तिसऱ्या कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"चूक माझीही आहे," मॅडम म्हणाल्या. "मला शंका आली होती. मी थांबायला हवं होतं."

त्या दोघांनी आपापला वाटा उचलला. आता सगळे माझ्याकडे बघत होते, निदान मला तसं वाटलं. मी म्हणालो, "असं होतं कधी कधी."

"आता तीन दिसांत कायच हुयाचं न्हाई?" गंगव्वानं विचारलं.

"ओठ आपोआप सुधारेल. पण वेळ लागेल, आई," मॅडम म्हणाल्या. "चार महिने."

गंगव्वानं सनईची पिशवी काखेत घेतली आणि नवऱ्याच्या दंडाला धरून त्याला उठवलं. "चला," एवढंच म्हणाली.

घटस्थापनेच्या पहाटे मी त्या गावी गेलो. कशाला गेलो कुणास ठाऊक. घरी बसवेना. वाटलं, काहीतरी चमत्कार होईल, ओठ एका पहाटेपुरता धरेल, आणि मी सुटेन. देवळासमोर गाव जमलं होतं. पुजाऱ्यानं रिवाजाप्रमाणे थोरल्या घराचं नाव घेतलं, "सिद्राम कोरवी!"

मामा पुढे आले. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका. त्यांनी सनई कपाळाला लावली आणि पत्ती ओठांत धरली. वारा बाहेर गेल्याचा आवाज आला. त्यांनी पत्ती ओली करून परत धरली. परत तोच आवाज. मागे कुणीतरी पोरगं हसलं आणि त्याला चापट बसली. तिसऱ्यांदा मामांनी प्रयत्न केला नाही. सनई खाली घेतली, मागे वळले, आणि यल्लाप्पाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वाजीव."

यल्लाप्पा फार सुरेख वाजवत होता. वाईट वाजवेल अशी मला आशा होती, हे कबूल करतो. मामा त्याच्या मागे बसले. एरवी मागे बसणारा दुसऱ्या सनईवर एकच सूर धरून ठेवतो, पण त्यालाही ओठ लागतातच. म्हणून त्यांच्या हातात कुणीतरी झांजा दिल्या. त्यांनी एकही ठोका चुकवला नाही. देवी जागी झाली, लोकांनी चांगभलं केलं, पुजाऱ्यानं मानाचा नारळ यल्लाप्पाच्या हातात दिला. मामा सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होते. मला रडू आलं, आणि मी खांबाआड जाऊन उभा राहिलो.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. माघात मामांचा ओठ पूर्ण सुधारला. मॅडमनी पुन्हा चित्र काढवून घेतलं, माझ्याचकडून, आणि या वेळी बरोबर जागी औषध टोचलं. घाम थांबला. मामा पुढे बरीच वर्षं लग्नांत वाजवत राहिले. मॅडमनी आणखी सहा-सात जणांचे चेहरे माझ्या कॅमेऱ्यानं तपासले, आणि एकदाही कुणाला पुसू दिलं नाही. पण मरगूबाईच्या पहाटेचा मान यल्लाप्पाच्या घरी गेला तो गेलाच. आता त्याचा मुलगा वाजवतो.

सांगायचं राहिलं ते त्या घटस्थापनेच्याच सकाळचं. गर्दी पांगल्यावर मामांनी मला खांबाआड हेरलं आणि आग्रह करून घरी नेलं. बाहेरच्या सोप्यात घोंगडं अंथरलं होतं. गंगव्वा आत चुलीपाशी होती. घरी दुसरं कुणीही आलं नव्हतं. दर वर्षी या दिवशी अर्ध्या गावाचा चहा इथे व्हायचा, असं मामाच म्हणाले.

मी बसलोच नाही. उभ्या उभ्या म्हणालो, "मामा, त्या दिवशी पुसायला मी सांगितलं होतं."

मामांनी माझ्याकडे बघितलं. "काय?"

"घाम पुसायला. मॅडम वर गेल्या होत्या तेव्हा. चित्र स्वच्छ येत नाही, पुसा, असं मी म्हणालो. चार वेळा म्हणालो. तुमचं काही चुकलेलं नाही. तुम्ही तर जागाही बरोबर दाखवत होता."

बोलून झालं तसं मला एकदम हलकं वाटलं. आता ते शिव्या देतील, नाहीतर गंगव्वा हाताला धरून बाहेर काढेल, आणि ते योग्यच होईल. मी वाट बघत उभा राहिलो.

मामांचे डोळे भरून आले. "सायेब," ते म्हणाले, "आसं बोलू नगासा."

"खरं आहे ते."

"माज्या हातानं पुसलं म्या. टावेल माजा, हात माजा. दोन वरसं ह्योच धंदा चाललाय न्हवं माजा?" आणि ते आत तोंड करून ओरडले, "ए गंगव्वा, भाईर ये गं. सायेब काय म्हंत्यात ऐक. माजी चूक आपल्या डोसक्यावर घ्याया आल्यात!"

गंगव्वा हात पुसत बाहेर आली. मी तिला सांगितलं, सुरुवातीपासून, पाणी पडलेल्या मोटारीसकट. ती ऐकत राहिली, आणि माझं बोलणं संपायच्या आत वाकून माझ्या पायांना तिनं हात लावला. मी मागे सरकलो तरी लावलाच.

"गावात आज कुनी तोंडाकडं बगितलं न्हाई आमच्या," ती म्हणाली. "तुमी मिरजंस्नं आलासा. आनि वर हे आसं बोलतासा. आसला मानूस कुटं गावायचा?"

"आई, मी खोटं नाही बोलत. मीच सांगितलं होतं. मॅडमनी विचारलं तेव्हाही मी गप्प बसलो."

गंगव्वानं नवऱ्याकडे बघितलं, आणि दोघंही माझ्याकडे असं बघायला लागले की मी अजून काही बोललो असतो तर त्यांच्या मनात आणखी थोर झालो असतो. मामांनी माझा हात धरून मला घोंगड्यावर बसवलं. माझ्या गुडघ्यावर दोनदा थोपटलं, रडणाऱ्या मुलाची समजूत काढावी तसं. अर्ध्या तोंडानं हसले.

"कळलं सायेब, समदं कळलं," ते म्हणाले. "आता च्या घ्या."